कमी अधिकार मागणारा उमेदवार का निवडावा?

8 डिसेंबर 2023. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये त्या सकाळी लाल कांद्याचे ट्रॅक्टर रांगेला लागले होते. आदल्या दिवशी दिल्लीत विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली होती: 31 मार्च 2024 पर्यंत कांद्याची निर्यात बंद. भाव कोसळले, शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला.

उन्हाळ कांदा असता तर चाळीत भरून चार-पाच महिने वाट पाहता आली असती. डिसेंबरात निघणारा लाल कांदा टिकत नाही. काढल्यावर काही आठवड्यांत विकला गेला नाही तर त्याला मोड येतात, तो सडायला लागतो. त्यामुळे भाव पडला म्हणून शेतकऱ्याला माल मागे ठेवता येत नाही. मिळेल त्या भावाला द्यावा लागतो. बरं, हा एकच धक्का नव्हता. ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं होतं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे 800 डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं गेलं, म्हणजे त्याहून स्वस्त कांदा बाहेर पाठवायचा नाही. आणि डिसेंबरात थेट बंदी. लागवड केली तेव्हाचा नियम वेगळा, खुरपणीच्या वेळचा वेगळा, काढणीच्या वेळचा वेगळा.

यातली एक गोष्ट बातम्यांमध्ये फारशी आली नाही. संसदेचं हिवाळी अधिवेशन 4 डिसेंबरलाच सुरू झालं होतं. म्हणजे कांदा उत्पादक भागांतून निवडून गेलेले खासदार त्या दिवशी दिल्लीत होते, सभागृह चालू होतं, तरीही या निर्णयावर मतदान झालं नाही. ते व्हायची गरजच नव्हती. परकीय व्यापाराविषयीच्या 1992 च्या कायद्याने आयात-निर्यात रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारला आधीच देऊन ठेवला आहे. एक आदेश निघाला की झालं.

अशा वेळी आपलं भांडण नेहमी निर्णयावर होतं. बंदी चूक होती की बरोबर? शहरातल्या गिऱ्हाईकाचा विचार करायचा की शेतकऱ्याचा? मला या लेखात दुसरंच विचारायचं आहे. लाखो कुटुंबांचं वर्षाचं उत्पन्न एका आदेशाने बदलण्याचा अधिकार मुळात कुणाच्याही हाती का असावा? आणि तो नसावा असं वाटत असेल, तर काढून कोण घेणार?

मर्यादित सरकार म्हणजे काय

मर्यादित सरकार म्हणजे दुबळं सरकार नव्हे, आणि सरकारच नको असंही नव्हे. कल्पना साधी आहे. काही कामं सरकारनेच करायची असतात: कायदा-सुव्यवस्था, न्यायालयं, देशाचं संरक्षण, जमिनीच्या नोंदी, रस्ते, साथीचे रोग, दुष्काळात माणसं जगवणं. ही कामं त्याने चोख करावीत. बाकी माणसाने काय पिकवावं, कुणाला विकावं, कोणता धंदा काढावा, काय खावं, काय लिहावं, यात हात घालण्याआधी सरकारनेच कारण द्यावं. सिद्ध करण्याची जबाबदारी नागरिकावर नसावी, सरकारवर असावी.

आपल्या राज्यघटनेत ही कल्पना आहे. मूलभूत हक्कांचं प्रकरण म्हणजे सरकारला आखून दिलेली रेघच आहे, आणि व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य कलम 19 मध्ये लिहिलेलं आहे. पण ही रेघ पहिल्यांदा हलली ती घटना लागू झाल्यावर दीड वर्षाच्या आत. जून 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तेव्हा पहिली सार्वत्रिक निवडणूकसुद्धा झालेली नव्हती. ती दुरुस्ती हंगामी संसदेने केली. तिने नववं परिशिष्ट आणलं. त्यात टाकलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात आव्हान देता येणार नाही, अशी तरतूद केली. सुरुवातीला त्यात 13 कायदे होते, पुढे ते 284 झाले. जमीनदारी संपवणं हे कारण न्याय्य होतं, त्याबद्दल माझा वाद नाही. पण दार एकदा उघडलं आणि जमीनदारीशी संबंध नसलेले कायदेही त्यातून आत गेले. 24 एप्रिल 1973 नंतर परिशिष्टात घातलेले कायदे न्यायालय तपासू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे स्पष्ट केलं ते 2007 मध्ये.

यातून मला एकच गोष्ट दिसते. घटनेत लिहिलेली मर्यादा घटनेच्या बळावर टिकत नाही. सभागृहातल्या माणसांना ती टिकवायची असेल तरच टिकते. न्यायालय उशिरा येतं, प्रकरण समोर आलं तरच येतं. अधिकारी तर मिळालेला अधिकार वापरणारच, ते त्याचं कामच आहे. अधिकार देणारी आणि काढून घेणारी जागा एकच, विधिमंडळ आणि संसद. म्हणून तिथे कमी अधिकार मागणारी माणसं पाठवावी लागतात.

1959 चं नागपूर

जानेवारी 1959 मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करायच्या, मालकी कागदावर राहील, कसायचं सगळ्यांनी मिळून. उत्तर प्रदेशातले चौधरी चरणसिंग यांनी काँग्रेसमध्ये असूनही याला तिथेच कडाडून विरोध केला. आणि त्याच वर्षी ऐंशीच्या घरातले चक्रवर्ती राजगोपालाचारी (राजाजी) नवा पक्ष काढायला उभे राहिले. स्वतंत्र पक्ष. त्यांच्याबरोबर आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा, मुंबईचे मिनू मसानी आणि कन्हैयालाल मुन्शी होते. 'परमिट-लायसन्स-कोटा राज' हे शब्द राजाजींनीच रूढ केले.

या पक्षाचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. पक्षाची मूलतत्त्वं सोडून बाकी विषयांवर सभासदाला स्वतःच्या मताप्रमाणे बोलायची मोकळीक होती. आज व्हिपच्या भीतीने विधेयक न वाचता हात वर करणाऱ्या सभागृहात ही गोष्ट अशक्य वाटेल. पण सरकारच्या अधिकाराला मर्यादा हवी म्हणणाऱ्या पक्षाने आधी स्वतःच्या अधिकाराला मर्यादा घातली होती, हे लक्षात घ्यायला हवं.

1962 मध्ये त्यांचे 18 खासदार निवडून आले, 1967 मध्ये 44. 1971 च्या लाटेत ते आठवर आले आणि 1974 मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला. संस्थानिक आणि उद्योगपतींचा पक्ष हा शिक्का त्यांना पुसता आला नाही, आणि त्यात तथ्यही होतं. महाराष्ट्रात तर पक्ष रुजलाच नाही. पण त्यांनी जे सांगितलं ते कसं खरं ठरत गेलं, ते पाहण्यासारखं आहे.

सोन्याचंच घ्या. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला मनाई. हेतू चांगला होता: चीनच्या युद्धानंतर परकीय चलन वाचवायचं होतं. 14 कॅरेट म्हणजे निम्म्याहून थोडं अधिक सोनं, बाकी तांबं-चांदी. हे सोनं कडक असतं. पिढ्यान्‌पिढ्या मऊ, शुद्ध सोन्यावर हात बसलेल्या कारागिराला त्यात नाजूक काम करणं अवघड, आणि गिऱ्हाईकाला ते नकोच. मुलीच्या लग्नात 14 कॅरेटचं मंगळसूत्र कोण घालणार? कारागीर बेकार झाले, सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. लोकांनी सोनं घेणं काही थांबवलं नाही. ते समुद्रमार्गे चोरून यायला लागलं, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर तस्करांचं साम्राज्य उभं राहिलं. कॅरेटची अट पुढे सैल झाली, पण नियंत्रण गेलं नाही. 1968 मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो रद्द झाला 1990 मध्ये. अपयश दोन-तीन वर्षांत दिसलं होतं. कायदा जायला सत्तावीस वर्षं गेली.

1951 च्या उद्योग कायद्याचंही तेच. कारखाना काढायला परवाना, वाढवायला परवाना, नवी वस्तू करायची तर परवाना. पुण्याच्या आकुर्डीत स्कूटर तयार होत होत्या आणि लोक नोंदणी करून वर्षानुवर्षं वाट पाहत होते, कारण किती स्कूटर करायच्या हे दिल्लीत ठरायचं. हे संपलं 24 जुलै 1991 रोजी, नव्या औद्योगिक धोरणाने. पंतप्रधान होते पी. व्ही. नरसिंह राव, ज्यांना त्याआधी रामटेकने दोनदा लोकसभेत पाठवलं होतं. अठरा उद्योग सोडून बाकीच्यांचा परवाना गेला. पण हे मनापासून पटलं म्हणून झालं असं म्हणता येणार नाही. तिजोरीत जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं आणि त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं तारण म्हणून परदेशी गेलं होतं. 1959 मध्ये जे ओरडून सांगितलं जात होतं, ते 1991 मध्ये गळ्याशी आल्यावर ऐकलं गेलं. मधल्या बत्तीस वर्षांत सभागृहात त्या विचाराची माणसं जास्त असती तर आपल्या आई-वडिलांच्या पिढीची ती वर्षं वाचली असती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

शेतकऱ्याच्या बाजूने तेच म्हणणं

महाराष्ट्रात हा विचार आला तो उद्योगपतींच्या दिवाणखान्यातून नाही, तर चाकणच्या कांदा बाजारातून. शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संस्थेत नोकरीला होते. ती सोडून ते परत आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि कसायला लागले. शेतकरी संघटनेची सुरुवात तिथली. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा अनेकांच्या तोंडी आहे, पण तिचा अर्थ किती वेगळा होता हे आज विसरलं जातं. ते अनुदान मागत नव्हते. सरकारने शेतमालाचा भाव पाडण्यासाठी चालवलेला हस्तक्षेप थांबवावा, एवढंच मागत होते. त्यांनी त्याला 'उणे सबसिडी' म्हटलं: सरकार शेतकऱ्याला जेवढं देतं त्याहून जास्त भाव पाडून काढून घेतं.

कापूस एकाधिकार खरेदी योजना हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. 1972 मध्ये राज्यात ती सुरू झाली. हेतू पुन्हा चांगलाच: व्यापारी लुबाडतात, म्हणून सगळा कापूस सरकारच पणन महासंघामार्फत घेईल. यातल्या 'सरकारच' या शब्दात सगळं आलं. विदर्भातल्या शेतकऱ्याला कापूस दुसऱ्या कुणालाही विकता येत नव्हता. बैलगाडी हद्दीपलीकडे आंध्रात किंवा मध्य प्रदेशात नेली आणि तिथे दोन पैसे जास्त मिळाले, तर तो गुन्हा. स्वतःच्या शेतात पिकवलेला कापूस विकायला नेणाऱ्या माणसाला नाक्यावर चोरासारखं अडवलं जायचं. खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरने प्रत खालची लावली तर दाद नाही, चुकारे महिनोन्‌महिने थकलेले. तोटा राज्याच्या तिजोरीवर. अखेर 2002 च्या सुमारास खासगी खरेदीला वाट मोकळी झाली. मधल्या तीस वर्षांत या राज्यात किती सरकारं आली आणि गेली ते आठवून पाहा. निवडणुकीत प्रत्येक पक्ष भाव वाढवून देतो म्हणायचा. एकाधिकारच नको, असं म्हणणारे सभागृहात बोटावर मोजण्याइतके.

शरद जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. राजुऱ्याहून वामनराव चटप विधानसभेत गेले, पण पक्ष फार वाढला नाही. जोशी लोकसभेत कधीच पोहोचले नाहीत. 2004 ते 2010 राज्यसभेत होते. तिथे त्यांनी एका तरतुदीला हात घातला जी बहुतेकांना माहीतही नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादाशी निष्ठा बाळगू असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे समाजवाद नको म्हणणाऱ्याने पक्ष काढायचा तर पहिलंच काम खोटं लिहून देण्याचं. ही अट काढावी म्हणून त्यांनी खासगी विधेयक आणलं. 9 मार्च 2010 रोजी महिला आरक्षण विधेयकावर राज्यसभेत 186 विरुद्ध 1 असं मतदान झालं. तो एक म्हणजे शरद जोशी. 1986 मध्ये चांदवडला ग्रामीण महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवणारे, बायकांच्या नावावर जमीन करण्याची चळवळ चालवणारे जोशी. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते ठेवण्याच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता. त्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. पण सगळं सभागृह एकीकडे असताना आपल्या समजुतीप्रमाणे 'नाही' म्हणणारा माणूस आत असणं, याची किंमत मोठी आहे.

अशी माणसं निवडून का येत नाहीत

याचं उत्तर साध्या गणितात आहे. समजा, एखाद्या साखर कारखान्याला राज्य सरकारने 100 कोटींची थकहमी दिली आणि कारखान्याने कर्ज बुडवलं. पैसे तिजोरीतून गेले. राज्याची लोकसंख्या बारा-तेरा कोटी. म्हणजे माणशी आठ रुपये. आठ रुपयांसाठी कुणी मोर्चा काढत नाही, बहुतेकांना कळतही नाही. पण ज्या दहा-वीस संचालकांना त्या 100 कोटींचा आधार मिळणार, ते मंत्रालयात ठाण मांडून बसतील, कार्यकर्ते आणतील, निवडणुकीत फौज उभी करतील. फायदा थोड्यांच्या पदरात भरभरून, तोटा सगळ्यांवर थेंबाथेंबाने. असे शंभर निर्णय झाले की आठाचे आठशे होतात, पण तेव्हाही प्रत्येक निर्णय एकेकटाच समोर येतो.

नेत्याच्या बाजूने पाहिलं तर 'हो' म्हणणं स्वस्त आहे. 'हो' म्हटल्यावर फलक लागतो, सत्कार होतो. 'नाही' म्हटल्यावर संचालक दुखावतात आणि ज्यांचे आठ रुपये वाचले ते आभार मानायला येत नाहीत. म्हणून 'नाही' म्हणणारा माणूस आपोआप तयार होत नाही. तो नाही म्हणतो म्हणूनच त्याला मत देणारे लोक लागतात.

इथे कुणी म्हणेल, सरकार मागे हटलं की धनदांडगे माजतील. ही भीती खरी आहे, पण आपला इतिहास उलट सांगतो. परवान्यांच्या काळात 1967 मध्ये अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी सरकारसाठीच केलेल्या पाहणीत दिसलं की मोठी औद्योगिक घराणीच परवाने आधी घेऊन ठेवत होती, कधी कारखाना न काढताही, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो काढता येऊ नये. दिल्लीत हेलपाटे घालायला माणूस ठेवणं बड्यांनाच परवडतं. जिथे मंत्र्याच्या सहीला किंमत असते तिथे ती सही श्रीमंतच विकत घेतो. एप्रिल 2024 मध्ये, मुदत वाढवलेली कांदा निर्यातबंदी चालू असताना, गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली तेव्हा नाशिक-नगरचा शेतकरी संतापला. लगोलग सहा देशांना सुमारे 99 हजार टन कांदा पाठवायला मुभा दिल्याचं सरकारने सांगितलं. तरी प्रश्न उरतोच: कुणाचा कांदा जाईल आणि कुणाचा नाही, हे ठरवणारी सही असावीच का?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. गरिबांचं काय? याचं उत्तर महाराष्ट्रानेच दिलं आहे. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 मध्ये वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून तिचा कायदा झाला. तो कायदा सरकारला बांधतो. मजुराने काम मागितलं तर ते द्यावंच लागेल. इथे मजूर कुणाच्या दारात उभा नाही, तो हक्क मागतो आहे. सरकारने खर्च करू नये असा मर्यादित सरकारचा आग्रह नाही. खर्च असो वा बंदी, ती कुणाच्या मर्जीवर नसावी, हा आहे. मर्जीवर चालणाऱ्या योजनेचा लाभार्थी पुढच्या निवडणुकीपर्यंत आभारीच राहतो, आणि तो तसाच राहावा ही काहींची गरज असते.

शिवाय नको तिथे पसरलेलं सरकार हवं तिथे पुरत नाही. 1953 मध्ये जे. आर. डी. टाटांच्या हातून घेतलेली एअर इंडिया जानेवारी 2022 मध्ये टाटांकडेच परत गेली, 18,000 कोटींच्या बोलीवर. तोवर तिच्यावर 60 हजार कोटींहून जास्त कर्ज साचलं होतं. याच देशात दहा लाख लोकांमागे न्यायाधीश जेमतेम एकवीस आहेत आणि तुंबलेले खटले पाच कोटींच्या वर. बांधाच्या वादाची तारीख वीस वर्षं पडत राहते. विमान कंपनी दुसरं कुणीही चालवू शकतं. दिवाणी न्यायालय फक्त सरकारच चालवू शकतं.

खरा कोण, हे कसं ओळखायचं

'सरकारने धंदा करू नये' हे वाक्य आता सगळेच म्हणतात, म्हणून परीक्षा कृतीची घ्यावी लागते. 2020 चं वर्ष त्यासाठी आठवावं. जूनमध्ये तीन कृषी अध्यादेश निघाले. त्यातला एक असा: कांद्यासारख्या शेतमालावर साठामर्यादा फक्त असाधारण भाववाढ झाली तरच लागेल. सप्टेंबरमध्ये संसदेत त्याचा कायदा होत होता, आणि त्याच महिन्यात, 14 तारखेला, कांद्याची निर्यात बंद झाली. ऑक्टोबरमध्ये साठामर्यादा लागली: घाऊक व्यापाऱ्याला 25 टन, किरकोळ विक्रेत्याला 2 टन. मुक्त बाजाराचा कायदा करणाऱ्या हातांना चार महिनेही राहवलं नाही. ज्या शेतकरी संघटना या कायद्यांच्या बाजूने उभ्या होत्या, त्यांच्या पायाखालची वाळू सरकारनेच काढली.

तिन्ही कृषी कायद्यांमध्ये चांगलं बरंच होतं, असं माझं मत आहे. पण ज्या रीतीने 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेत विरोधकांची मतविभागणीची, म्हणजे मतं मोजण्याची, मागणी डावलून आवाजी मतदानाने त्यातली दोन विधेयकं मंजूर झाली, ती रीत मर्यादित सरकार मानणाऱ्याला चालता कामा नये. सरकारची मर्यादा फक्त बाजारापुरती नसते. पद्धतीलाही असते. नोव्हेंबर 2021 मध्ये कायदे मागे घेण्याचं विधेयकही चर्चेशिवाय, काही मिनिटांत मंजूर झालं.

तसंच, व्यापाराला मोकळीक द्या म्हणणारा माणूस टीकाकारांवर खटले भरा म्हणत असेल, तर त्याला सरकारचा आकार खटकत नाही, फक्त दुसऱ्याच्या हातातलं सरकार खटकतं. मिनू मसानींचं या बाबतीतलं वागणं सरळ होतं. जे परवाना राजाविरुद्ध लोकसभेत भांडत होते, तेच आणीबाणीत आपल्या मासिकावरच्या सेन्सॉरविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि 1976 मध्ये, आणीबाणी चालू असताना, जिंकले.

म्हणून प्रचाराला येणाऱ्या उमेदवाराला काय द्याल हे विचारण्याऐवजी काय काढून घ्याल हे विचारावं. खासदारकीला उभा असेल तर: निर्यातबंदीचा आदेश ठरावीक दिवसांत संसदेने मंजूर केला नाही तर तो आपोआप रद्द होईल, आणि लागवड झालेल्या हंगामाला तो लागू होणार नाही, अशी दुरुस्ती मांडाल का? जीवनावश्यक वस्तू कायद्यात सात वर्षांपर्यंतची कैद आहे. ती ठेवायची का? आमदारकीला उभा असेल तर तुकडेबंदीबद्दल, म्हणजे ठरावीक आकाराहून लहान जमिनीचे तुकडे विकायला असलेल्या बंदीबद्दल, विचारावं. 1947 चा हा कायदा असतानाही लोकांनी गुंठ्यागुंठ्याने जमिनी घेतल्या, घरं बांधली. 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करायचा कायदा आणावा लागला. मधल्या काळात घर असूनही कागद नसलेली कुटुंबं किती भरडली गेली, हे राज्यातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये विचारा. किंवा 1949 च्या दारूबंदी कायद्याबद्दल विचारावं, ज्यानुसार या राज्यात आजही दारू प्यायला परवाना लागतो. मी दारूच्या बाजूने बोलत नाही. कुणीच पाळत नाही असा कायदा पोलिसांच्या हाती का ठेवायचा, एवढंच विचारतो आहे.

कायदे कमी करता येतात, हे दिसलेलं आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत दीड हजारांच्या आसपास जुने केंद्रीय कायदे रद्द झाले, आणि 2023 च्या जनविश्वास कायद्याने 42 कायद्यांमधल्या 183 तरतुदींतली शिक्षा काढली किंवा सौम्य केली. त्यातले बरेच कायदे आधीच निपचित पडलेले होते हे खरं, तरी सुरुवात म्हणून मला ते मोलाचं वाटतं.

आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या खासदाराला तर प्रश्न विचारायचीही वाट पाहायला नको. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्याचं नाव टाकलं की त्याने मांडलेली खासगी विधेयकं, विचारलेले प्रश्न आणि भाषणं दिसतात. त्यात नवा अधिकार सरकारला देणाऱ्या मागण्या किती, आणि असलेला अधिकार काढून घेणारी एखादी तरी आहे का, हे संध्याकाळी अर्धा तास बसून कुणालाही मोजता येतं.